व्हॅलेन्सियाला येतेस ना? आधी शेगडी बघ, मग बॅग भर

तुझे प्रश्न आधी एका दमात मांडते. सप्टेंबरात तुम्ही तिघं पुण्याहून इथे स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला येताय. कुकर-मिक्सर आणायचे का, डाळी-पिठं-मसाले मिळतात का, नवरा शाकाहारी म्हणून बाहेर त्याचे हाल होतील का, तुझ्या माशांचं काय, लेकीच्या डब्याचं काय, आणि डिसेंबरात सासूबाई येतील तेव्हा त्यांच्याकडून काय मागवायचं. ‘ताई, सरळ यादीच द्या’ म्हणालीस. देते, पण शेवटी. इथे येणाऱ्या बहुतेकांच्या बॅगा डाळींनी फुगलेल्या असतात आणि घर मात्र स्वयंपाकघरात नीट न डोकावता घेतलेलं असतं. डाळ काय, कुठेही मिळते. शेगडी, वीज आणि पाणी मात्र घराबरोबर पदरात पडतं, आणि रोजचं रांधणं त्यावरच ठरतं.

भाड्याच्या घरात सगळ्यात जास्त दिसते ती ‘वित्रो’, म्हणजे काचेखाली तापणारी विजेची शेगडी. ती सावकाश तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलीच राहते. भाताला वाफ द्यायला उत्तम, फोडणीला वैताग. मोहरी तडतडली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, भांडंच उचलून बाजूला घ्यावं लागतं, नाहीतर हिंगाची डबी उघडेपर्यंत जिरं काळं. गोल बुडाची कढई तर तिच्यावर नुसती डुलते. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते पुण्यातच बघून घे. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर तिच्यावर चालणार नाही, आणि फोडणीची पळी इतकी लहान की इंडक्शनला ती दिसतच नाही. सपाट बुडाचं छोटं लोखंडी पॅन घे. तिसरा प्रकार गॅसचा. कुठे पाइपचा, तर जुन्या इमारतींत नारिंगी ‘बोम्बोना’, साडेबारा किलोचा ब्युटेन सिलिंडर. त्याची किंमत सरकार ठरवतं, दर दोन महिन्यांनी ती बदलते आणि माणूस तो दारात आणून देतो. फुलके गॅसवर जसे टम्म फुगतात तसे बाकी कशावर नाहीत. गॅसचं घर हवं म्हणून मी मेट्रोपासून जरा लांब राहते, आणि चालण्याचं मला काही वाटत नाही.

कुकर आणच. स्टीलचा, इंडक्शनच्या बुडाचा, सोबत दोन जादा रबर आणि एक शिट्टी. इथले कुकर चांगले असतात, पण ते शिट्ट्या मारत नाहीत. सगळं मिनिटांवर चालतं आणि आपली सगळी गणितं तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या अशी. मिक्सरही आण. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, फक्त पिन वेगळी. अर्थिंगवाला चांगला अडॅप्टर घे, किंवा इथल्या ‘फेरेतेरिया’त, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात, प्लग बदलून घे.

घरमालकाला विजेची ‘पोतेन्सिया’ किती ते विचार. म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढता येते ते. करार ३.४५ किलोवॅटचा असेल आणि तू वित्रोच्या दोन चुली, ओव्हन आणि पाणी तापवायची टाकी एकदम चालू केलीस, तर अख्खं घर अंधारात. मग काही उपकरणं बंद करून दाराजवळच्या पेटीतला मुख्य खटका खाली-वर करायचा. मर्यादा वाढवून घेता येते, पण तिच्याबरोबर बिलातला स्थिर आकारही वाढतो. तिघांना माझ्या मते ४.६ पुरते.

दुसरी गोष्ट दरांची. जून २०२१ पासून घरगुती विजेचे दिवसाचे तीन भाग झालेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० सगळ्यात महाग. मध्यरात्रीपासून सकाळी ८ पर्यंत आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस स्वस्त. उरलेला वेळ मधल्या दराचा. तुमची कंपनी दिवसभर एकच दर लावत असेल तर प्रश्न नाही, पण बहुतेकदा फरक पडतो. त्यात रविवारी बरीचशी दुकानं बंद. म्हणून इथे आठवड्याची घडीच अशी बसते की शनिवारी बाजार आणि रविवारी रांधणं. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदम करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, दोन कडधान्यं शिजवून ठेवते. थंडीत मोड येत नाहीत, तेव्हा भांडं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते.

पाण्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. व्हॅलेन्सियाचं नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, पण चांगलंच जड. चहावर तवंग येतो, केटलीत पांढरा थर बसतो आणि हरभरे रात्रभर भिजवूनही चिवट राहतात, कारण पाण्यातलं कॅल्शियम साल मऊ होऊ देत नाही. चिमूटभर खायचा सोडा भिजवताना घाल. तो इथे मिठाच्या शेजारीच मिळतो, स्पॅनिश बायकाही तेच करतात. चहाला ‘मिनेरालिसासिओन देबिल’, म्हणजे कमी क्षारांचं, असं लिहिलेली पाण्याची बाटली घे. माद्रिदला राहणाऱ्यांना हे दुःख ठाऊक नाही, त्यांचं पाणी मऊ.

वासाचंही बघून घे. इमारतींच्या मधोमध ‘पातिओ दे लुसेस’ असतो, उजेडासाठी सोडलेला चौक. सगळ्यांची स्वयंपाकघरं त्यात उघडतात आणि सगळ्यांचे कपडेही तिथेच दोऱ्यांवर वाळतात. माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाई चादरी टाकायच्या आधी खिडकीतून ओरडून विचारतात, ‘आज मासे का?’ मी हो म्हटलं की चादरी दुपारी. चिमणीचा पाइप खरंच बाहेर जातो की नुसता कोळशाच्या फिल्टरमधून फिरून हवा परत आत येते, ते विचार. आणि हॉललाच जोडलेलं ‘अमेरिकन’ स्वयंपाकघर कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नकोस. फोडणीचा वास उशांना येतो.

किराण्याचं थोडक्यात. मेर्कादोना ही मूळची इथलीच सुपरमार्केटची साखळी. तिथे आणि तिच्यासारख्या दुकानांत काबुली चणे, सालासकट मसूर, पांढऱ्या-लाल घेवड्याचे प्रकार, जिरं, हळद, दालचिनी, नारळाच्या दुधाचे डबे, तांदळाचं पीठ सहज मिळतं. बेसन म्हणून ‘हारिना दे गार्बान्सो’ घे, भजी उत्तम होतात. गूळ म्हणून लॅटिन अमेरिकेतली ‘पानेला’ चालते, चिंचगुळाच्या आमटीत तर ओळखू येत नाही. तूप घरीच कढव. बिनमिठाचं लोणी छान असतं. लाल तिखट म्हणून ‘पिमेंतोन दे ला वेरा’ मात्र आमटीत टाकू नकोस, ते ओकच्या धुरावर वाळवलेलं असतं. तूरडाळ, मूग, मोहरी, हिंग, पोहे, कणीक यांसाठी रुसाफा भागातली पाकिस्तानी-बांगलादेशी दुकानं. सुपरमार्केटच्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या करून बघण्यात वेळ घालवू नकोस. पायेया या इथल्या भाताच्या पदार्थातला मोठा पांढरा घेवडा ‘गार्रोफो’ म्हणजे आपला मुंबईचा डबल बी. तो दिसला की उसळ कर.

आता मासे. इथे मी जरा रेंगाळणार, मूळची मालवणची आहे. सेंट्रल मार्केटची १९२८ ची इमारत बघायला पर्यटक गर्दी करतात. आपण सरळ मासळीच्या बाजूला जायचं, मंगळवार ते शनिवार, सकाळी. सोमवारी नको, कारण शनिवार-रविवारी बोटी बाहेर पडत नाहीत. गाळ्यापुढे रांग दिसत नसली तरी असते. ‘शेवटचं कोण?’ असं मोठ्याने विचारायचं, एखादी आजी हात वर करते, तिच्यानंतर आपण. ‘काबाया’ हा बांगड्याचा भाऊबंद, जरा जास्त तेलकट, तिरफळ घालून फार सुरेख लागतो. ‘बोकेरोन’ मांदेलीच्या कुळातला, रव्यात घोळवून कुरकुरीत तळ. सार्दिना म्हणजे तारल्याची जात. ‘कालामार’ म्हणजे माकूल. ‘तेयिना’ या बारीक शिंपल्या तिसऱ्यांच्या जागी बसतात, पण वाळू फार, दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवल्याशिवाय कढईत टाकू नकोस. विक्रेता मासा फुकट साफ करून देतो, पण न सांगितल्यास डोकं उडवून दोन काप करतो. आपल्याला कालवणाला तुकड्या हव्यात, म्हणून ‘एन रोदाखास’ म्हण आणि डोकं मागून घे. बोंबील आणि ताजं पापलेट विसर. गोठवलेलं मिळतं, पण समोर ताजा काबाया असताना ते का खावं मला कळत नाही.

तुझ्या नवऱ्याचं. ‘मांस खात नाही’ एवढंच सांगून इथे भागत नाही, खामोन (डुकराचं खारवलेलं मांस) आणि ट्यूना मासा त्यात मोजलेच जात नाहीत. ‘वेजिताल’ सँडविचात ट्यूना आणि अंडं असतं, मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. नाताळातल्या पोल्व्होरोन बिस्किटांत आणि मायोर्का बेटाच्या एन्साइमादा या गोड पावात डुकराची चरबी असते. म्हणून प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन ‘सिन’, म्हणजे ‘शिवाय’, म्हणायचं: ‘सिन खामोन’, ‘सिन आतून’ (आतून म्हणजे ट्यूना). टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, पिस्तो ही भाज्यांची लगदाभाजी, सेव्हिया शहराची जिरं-लसूण घातलेली पालक-चण्याची भाजी यांवर त्याचं छान चालेल. ओर्चाता या इथल्या गोड, दुधासारख्या पांढऱ्या पेयात दूधही नसतं.

लेकीला डबा बहुतेक द्यावाच लागणार नाही, बहुतेक शाळांत जेवण मिळतं. प्रवेशाच्या वेळीच काय चालत नाही ते लेखी दे. जेवण दुपारी दोनच्या सुमारास, मग पाचला ‘मेरिएन्दा’, म्हणजे मधलं खाणं. रात्री इथली मुलंही नऊला जेवतात. तू साडेसातला वाढ, लोकांच्या नादी लागू नकोस.

आता यादी. तुम्ही आणा: कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, सोऱ्या, पुरणयंत्र, खोवणी, विळी, गोडा मसाला, आमचूर, आणि तुझ्यासाठी आमसुलं व तिरफळं. सासूबाईंना सांग, तूप, पेढे, खवा यांतलं काही नको. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडले तर फेकून देतात. ताजा कढीपत्ता, भाज्या, लिंबंही नकोत, त्यांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांना. सुकं खोबरं भारतातच चेक-इनमधून काढायला लावतात. पापड, सांडगे, मेतकूट, चटण्या, भाजणी बिनधास्त. विळी-खोवणी हातातल्या बॅगेत नको. आणि आंबापोळी आणायला सांग, दोन पाकिटं जास्त.