चेहरा झाकून केलेला नाच

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बाकीच्या मुली पाचव्या-सहाव्या वर्षापासून शिकताहेत आणि तू तेविसाव्या वर्षी घुंगरू बांधलेस, आता काय उपयोग, असं लिहिलंयस. उपयोगाचं नंतर बघू. आधी मेरी विगमन या नर्तकीबद्दल ऐक.

ती 1886 ची, जर्मनीतल्या हॅनोव्हरची. ड्रेस्डेनजवळ हेलेराऊला संगीतशिक्षक दालक्रोझ यांच्या शाळेत ताल शिकायला गेली, तेव्हा तुझ्याच वयाची होती. तिथे संगीत बोलेल तसं अंगाने बोलायचं. तिला ते पुरेना. चित्रकार एमिल नोल्डे यांनी सुचवलं म्हणून 1913 मध्ये ती स्वित्झर्लंडला, आस्कोनाला, नृत्यगुरू रुडॉल्फ लाबान यांच्याकडे पोचली. नाचाला संगीताचं बोट धरावंच लागतं असं नाही, हे तिला तिथे पटलं.

मग 'हेक्सेनटान्झ', म्हणजे चेटकिणीचा नाच. पहिला 1914 चा. 1926 मध्ये तिने तो मुखवटा घालून नव्याने बांधला. त्याची थोडीशीच फिल्म उरली आहे, पण ती तू बघच. बाई जमिनीवर बसलेली. गुडघे फाकलेले, बोटं नख्यांसारखी, साथीला नुसती तालवाद्यं. बसल्या बसल्या पाय आपटत ती गरकन फिरते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खरं सांगते, मला आवडलं नव्हतं. आपल्या नाचाचा सगळा जीव डोळ्यांत-भुवयांत, आणि हिने चेहराच झाकलेला! तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, तिची पाठ बोलतेय. हा नाच बसवत असताना एका रात्री तिला आरशात स्वतःचंच झपाटलेलं, विस्कटलेलं रूप दिसलं होतं, असं तिने लिहून ठेवलंय. तिने ते टाकून दिलं नाही. तू मात्र आरशासमोर आधी केस सारखे करतेस.

1920 मध्ये तिने ड्रेस्डेनला शाळा काढली. ग्रेट पालुका, हान्या होल्म या नर्तकी तिथेच शिकल्या. होल्मनी 1931 मध्ये न्यूयॉर्कला तिच्या नावाने शाखा उघडली.

पण हेही लपवत नाही: 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात, नाझींच्या राज्यात, तिने मृतांसाठी विलापनृत्य सादर केलं. त्याच वर्षी होल्मनी आपल्या शाळेवरून तिचं नाव काढलं. पुढे तिची ड्रेस्डेनची शाळाही हातातून गेली, म्हणून काही मला ते 1936 विसरता येत नाही. तिच्याकडून शिकताना मी दोन्ही डोळे उघडे ठेवते; तूही ठेव.

रविवारी येशील तेव्हा घुंगरू घरीच ठेव. लेहरा, म्हणजे तालासोबत फिरत राहणारी धून, लावणार नाही. जमिनीवर बसून सुरुवात करू. सातला ये, खालच्या मजल्यावरचे काका तेव्हा फिरायला गेलेले असतात. पाय मनसोक्त आपटता येतील.

तुझी,
ताई