आवडत्या टेबलटॉप आरपीजीवर अ‍ॅक्शन गेम येतोय म्हणून ग्रुप चिडलाय, त्यांची शंका खरी आहे का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुमचा ग्रुप बरीच वर्षं टेबलावर आरपीजी, म्हणजे एकेकाने एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, खेळतोय, सध्या एक छापील, तयार कथेचं अ‍ॅडव्हेंचर चालू आहे, आणि नेमका त्याच अ‍ॅडव्हेंचरवर व्हिडिओ गेम येतोय पण तो चार भिडूंनी मिळून धडाधड राक्षस कापत जायचा अ‍ॅक्शन गेम आहे. अर्धा ग्रुप म्हणतोय वाट लावली, अर्धा म्हणतोय आधी येऊ तर दे. कोण बरोबर?

माझं मत, शंका खरी आहे पण कारण चुकीचं पकडलंय. "टर्न-बेस्ड (पाळीपाळीने खेळायचा) नाही म्हणून वाईट" हे टिकत नाही. २०२० मध्ये डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलटॉप खेळावर बेतलेल्या बाल्डर्स गेट ३ चा गेमप्ले पहिल्यांदा दाखवला तेव्हा जुन्या फॅन्समधल्या बऱ्याच जणांनी उलटी तक्रार केली होती, की टर्न-बेस्ड कशाला केलं, १९९८ चा मूळ बाल्डर्स गेट तर रिअल टाइम होता, मध्ये पॉज करून ऑर्डर द्यायचो आणि परत सोडून द्यायचो. मग २०२३ मध्ये गेम आला, त्या वर्षीचा सगळ्यात मोठा अवॉर्ड घेऊन गेला, आणि आता टर्न असणं म्हणजेच डी अँड डी असं लोक बोलायला लागलेत. तसं काही नाहीये. टर्न ही सोय आहे, सहा जण एकदम बोलले तर डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, काही कळणार नाही म्हणून.

मला जी गोष्ट खरंच टोचते ती वेगळी आहे आणि ती आमच्याच ग्रुपमध्ये मी बघितली. आमचा एक मित्र आहे, त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना लहानपणापासून नीट पकड नाही. टेबलावर तो कायम चोराचं पात्र घेतो, चपळ, भिंतीवर चढणारा, कुलपं उघडणारा. त्याच्या कॅरॅक्टर शीटवर डेक्स्टेरिटी १८ लिहिलंय म्हणजे चपळाईच्या प्रत्येक दानात वरून ४ मिळवायचे, बास, मग तो जगातला सगळ्यात चपळ माणूस. एकदा जळत्या जहाजाच्या डोलकाठीवरून उडी मारून त्याने दुसऱ्या जहाजाच्या शिडाचा दोर कापला, फाशावर १९ पडले होते, आम्ही सगळे उभे राहून ओरडलो. मी डीएम होतो आणि मी सांगतो, त्या क्षणी त्याच्या हाताचा विचार त्या खोलीत कोणाच्याच डोक्यात नव्हता, त्याच्याही नसावा.

नंतर आम्ही हौसेने एक को-ऑप, म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळायचा, अ‍ॅक्शन गेम घेतला, तो पण अशाच एका टेबलटॉप दुनियेवर बेतलेला. त्याने अर्थातच चोर घेतला. आणि तिथे डॉजचं (वार चुकवायचं) बटण जरा उशिरा दाबलं की मेलात. शीटवरची चपळाई कितीही असो, मोजली जात होती ती त्याची बोटं. तो मरायचा, आम्ही जाऊन उठवायचो, परत मरायचा. तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला तुम्ही खेळा, मी बघतो. मला ते अजून लागतं.

म्हणून सांगतो, टेबलावर काय करायचं हे तुम्ही ठरवता आणि निकाल फासा देतो. लाजाळू माणूस गोडबोल्या बार्ड (गाणारा भाट) होऊ शकतो, कारण तिथे त्याच्या बोलण्याला नाही, बार्डच्या करिष्म्याला दान पडतं. अ‍ॅक्शन गेममध्ये निकाल तुमचे हात देतात आणि बऱ्याचदा ठरवायला फारसं उरतच नाही, समोर आलं की मारा. हे मेकॅनिक्समधलं बारीकसं काहीतरी आहे असं वाटेल पण मूळ गंमतच तिथे आहे.

आता "ठरवायला उरत नाही" म्हणजे काय ते स्पेलवरून, म्हणजे जादूवरून, बघा. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) तिसऱ्या पातळीच्या जादूचे स्लॉट, म्हणजे ती टाकायच्या संधी, असतात फक्त दोन, म्हणजे दिवसाला दोन फायरबॉल, फार तर छोटी विश्रांती घेऊन एखादा परत मिळतो. फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे एकदम टाकायचे, वीस फुटांच्या त्रिज्येत जे काय असेल ते भाजणार, आपले भिडू आत असतील तर ते पण. आता दारामागे कुजबूज ऐकू येतेय. टाकायचा का आत्ता? पुढे खरा मोठा राक्षस निघाला तर? दार न उघडता मागच्या बाजूने जाता येईल का? यावर आमच्याकडे वीस वीस मिनिटं भांडणं झालीत आणि त्यातली निम्मी भांडणं मला अजून आठवतात. तोच फायरबॉल अ‍ॅक्शन गेममध्ये आला की त्याला कूलडाऊन लागतो, दहा-बारा सेकंद थांबा आणि परत टाका. नाव तेच, आग तीच, दिसायला टेबलापेक्षा शंभरपट भारी, पण आता तो वाचवून ठेवायचा प्रश्नच येत नाही त्यामुळे भांडायला काही नाही. आणि गेम बनवणाऱ्यांचीही यात चूक आहे असं मला वाटत नाही, कारण रिअल टाइममध्ये दोन वार करून मग अर्धा तास नुसती काठी फिरवत बसणारा विझर्ड कोण खेळेल? सांधा बदलला की सगळं बदलतं, एवढंच.

फॅन लोकांची ही धाकधूक हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. सगळ्यात खोल जखम माझ्या मते शॅडोरनची. १९८९ ची टेबलटॉप दुनिया, भविष्यकाळ, जादू परत आलीये, एल्फ आणि ट्रोल कॉर्पोरेट कंपन्यांच्या बिल्डिंगा फोडतायत, आणि टेबलावर खेळताना सेशनचा मोठा भाग जातो तो तयारीत, मध्यस्थाला भेटा, माहिती काढा, गार्डची ड्युटी कधी बदलते ते शोधा. २००७ मध्ये या नावाने कॉम्प्युटरवर आणि एक्सबॉक्स ३६० वर गेम आला तो निव्वळ मल्टिप्लेअर शूटर. दोन टीम, राऊंडच्या सुरुवातीला पैशाने बंदुका आणि जादू विकत घ्या आणि एकमेकांना मारा. कथेचं कॅम्पेन नाहीच. गंमत अशी की शूटर म्हणून तो खरंच चांगला होता, टेलिपोर्ट करून भिंतीपलीकडे जाणं, मेलेल्या भिडूला जिवंत करणं, हे तेव्हा शूटरमध्ये क्वचितच दिसायचं. पण शॅडोरनची वाट बघत बसलेल्या माणसाला त्याचं काय? ज्याला घरफोडीची आखणी करायची होती त्याच्या हातात नुसती बंदूक दिली. त्याच वर्षी तो स्टुडिओही बंद झाला. पुढे शॅडोरनच्या मूळ निर्मात्यांपैकी जॉर्डन वाइझमन यांनी २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, अठरा लाख डॉलरच्या वर जमले, आणि २०१३ मध्ये शॅडोरन रिटर्न्स आला, टर्न-बेस्ड, भरपूर वाचायला असलेला. फॅन्सनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून आपली दुनिया परत आणली, हे मला फार मोठं वाटतं.

डी अँड डीवरचा २०२१ चा डार्क अलायन्सपण तुमच्या ग्रुपला आठवत असेल. ड्रिझ्ट (डी अँड डीच्या कादंबऱ्यांतला नायक) आणि त्याचे सोबती, चार ठरलेली कॅरॅक्टर, बर्फाळ आइसविंड डेल, चार जणांचा को-ऑप, म्हणजे तुमच्या गेमसारखाच साचा. रिव्ह्यू फारसे बरे नव्हते, शत्रू नुसते उभे राहून मार खातात ही तक्रार बऱ्याच ठिकाणी होती. त्याच वर्षी वेअरवुल्फ या टेबलटॉप खेळावर अर्थब्लड आला, टेबलावर पात्राची पाच रूपं, गेममध्ये तीन, आणि नायक आधीच ठरलेला. ठरलेला नायक हे मला जास्त खटकतं. टेबलाची सुरुवातच मुळी "मी कोण?" इथून होते ना.

पण आता दुसरी बाजू, कारण "अ‍ॅक्शन म्हणजे वाईटच" म्हणणाऱ्या मित्रांना मी नेहमी हेच उदाहरण देतो. व्हॅम्पायर: द मास्करेड या टेबलटॉप खेळावरचा ब्लडलाइन्स, २००४. सगळं रिअल टाइम, बंदूक हातात घेतली की थेट पात्राच्या डोळ्यांतून (फर्स्ट-पर्सन) दिसणारं, आणि मारामारी खरं सांगायचं तर कच्ची. बग इतके की विचारू नका, त्यात हाफ-लाइफ २ ज्या दिवशी आला त्याच दिवशी हा बाजारात, आणि बनवणारा ट्रॉइका स्टुडिओ २००५ मध्ये बंदही पडला. तरी इतकी वर्षं लोक तो खेळतायत, फॅन स्वतः पॅच (दुरुस्त्या) काढतायत. का? कारण सात कुळांपैकी तुम्ही कुठलं निवडता त्याने सगळा गेम बदलतो. नॉस्फेराटू घेतलात तर चेहरा इतका भयंकर की लोकांनी नुसतं बघितलं तरी गुपित फुटतं, मग गटारातून फिरा. माल्केव्हियन घेतलात तर तुमची सगळी वाक्यंच वेगळी, रस्त्यावरच्या स्टॉपच्या पाटीशी पण तो भांडतो. आणि माणसांसमोर व्हॅम्पायरपणा उघड केला तर मास्करेड, म्हणजे व्हॅम्पायर असल्याचं लपवायचा नियम, मोडल्याची नोंद, अशा पाच झाल्या की गेम संपला. शेवटची ही गोष्ट बघा, म्हणजे ताकद वापरायच्या आधी विचार करायला लागतो, अगदी फायरबॉलच्या स्लॉटसारखा. टर्न कुठेच नाही पण टेबल आलंय.

सायबरपंक २०७७ पण थोडाफार याच वाटेवरचा. २०१८ मध्ये तो फर्स्ट-पर्सन आहे हे कळल्यावर माइक पाँडस्मिथ यांचा मूळ टेबलटॉप खेळ खेळणारे कितीतरी जण नाराज झाले, २०२० मध्ये आला तेव्हा इतका मोडका होता की सोनीने तो स्वतःच्या स्टोअरवरून काही महिने काढून टाकला, आणि तरी आज २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर एखाद्या मिशनमध्ये एक गोळी न झाडता, नुसते कॅमेरे हॅक करत आत-बाहेर करता येतं. टेबलावरचे रोल, म्हणजे रॉकरबॉय (बंडखोर गायक) वगैरे, तसे आलेच नाहीत याची खंत मला आहे, पण निवड आहे.

आणि नुसती हाणामारी असूनही जीव लावलेले गेम पण आहेत बरं का. कॅपकॉमचे डी अँड डीचे आर्केड गेम, नव्वदच्या दशकातले टॉवर ऑफ डूम आणि शॅडो ओव्हर मिस्टारा, शुद्ध तुडवातुडवी, पण चार जण खांद्याला खांदा लावून एकाच मशीनवर, पेट्या उघडायच्या, मध्ये मध्ये कुठल्या वाटेने जायचं ते ठरवायचं. ते टेबलाची जागा घ्यायला आलेच नव्हते त्यामुळे त्यांच्यावर कोणी चिडलं नाही.

मग तुमच्या गेमचं काय. ट्रेलरमध्ये मारामारीच दिसणार, त्यावरून काही ठरवू नका. स्वतःचं कॅरॅक्टर बनवता येतं की चौघं तयार दिलेत, हे आधी बघा. मग कुठेतरी कोणाशी तरी बोलून, घाबरवून किंवा लपून पुढे जाता येतं का, आणि विश्रांती कधी घ्यायची हा निर्णय तुमच्यावर सोडलाय का की प्रत्येक दालनानंतर सगळं आपोआप भरतं. सेटिंगमध्ये डॉज, पॅरीचा (वार अडवायचा) वेळ वाढवायची किंवा बटणं बदलायची सोय असेल तर माझ्याकडून त्या टीमला आधीच नमस्कार, आमच्या चोराला तेवढंच हवं होतं. यातलं काहीच दिसलं नाही तर प्री-ऑर्डर करू नका, महिनाभर थांबा, खेळणारे लोक सांगतीलच.

जे मित्र चिडलेत त्यांना समजूतदारपणा शिकवत बसू नका. ज्या दुनियेत त्यांनी वर्षानुवर्षं संध्याकाळी घालवल्या, तिच्या नावाने जे येतं ते बघून धस्स होणारच, आणि व्हिडिओ गेमचं बजेट असं की या नावावर एक आला की दुसरा बरीच वर्षं येत नाही, त्यामुळे "आवडला नाही तर खेळू नका" हे उत्तर त्यांना पुरत नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे आणि ती तुमच्या प्रश्नात कोणी काढलेली दिसली नाही. तुमचं तेच अ‍ॅडव्हेंचर टेबलावर अर्धं झालंय ना? मग गेममध्ये तेच नकाशे, तेच सापळे, शेवटी कोण निघतो तेही बहुतेक तेच असणार. डीएमशी आजच बोला. एक तर कॅम्पेन आधी संपवा आणि मग गेम घ्या, किंवा डीएमला पुढचे मजले बदलायला दोन आठवडे द्या. ज्याला गेम लगेच खेळायचाच आहे त्याने टेबलावर बसल्यावर "तिथे उजवीकडे गुप्त दार आहे" हे बोलायचं नाही एवढं आधीच कबूल करून घ्या, आमच्याकडे एकदा ते झालं आणि तीन महिन्यांच्या शोधाची मजा एका वाक्यात गेली.