देणगीतल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या संस्थेच्या दुकानात नोकरी करावी का?

तुम्हाला अशा दुकानात नोकरी मिळतेय आणि काम कसं असतं ते जाणून घ्यायचंय. माझं मत विचाराल तर जरूर करा. फक्त गल्ल्यावर उभं राहायचं काम समजून जाऊ नका. खरं काम मागच्या खोलीत, छाटणीच्या म्हणजे विकण्याजोगा माल निवडायच्या टेबलावर चालतं.

देणगीत आलेल्या पिशवीत हात घालायचा नाही, ती टेबलावर उपडी करायची. आत फुटकी काच, ब्लेड, सुई काहीही निघतं, म्हणून जाड हातमोजे हवेतच. खिसे आधी बाहेरून चाचपायचे. मग कपडा उजेडात धरून कॉलर, काखा, चेन, मांड्यांमधली शिवण बघायची आणि शेवटी वास घ्यायचा. ओली, कुबट पिशवी लगेच वेगळी काढायची, कारण बुरशी शेजारच्या चांगल्या कपड्यांनाही धरते. शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके दिसले तर पिशवी घट्ट बांधून बाहेर.

नवी माणसं इथे दयेपोटी चुकतात. ‘कुणाला तरी उपयोगी पडेल’ म्हणून विटलेले, गोळे आलेले कपडेही लावतात. रॅक गच्च भरतो आणि चांगला शर्ट त्यात दडून जातो. बऱ्याच दुकानांत दर आठवड्याला किमतीच्या टॅगचा रंग बदलतात. चार-पाच आठवड्यांत न खपलेला त्या रंगाचा माल आधी सवलतीत जातो, मग रॅकवरून उतरतो. उतरलेला आणि छाटणीत नाकारलेला बराच माल वजनावर घाऊक विकला जातो. सुती कपड्यांची पुसायची फडकीही होतात. म्हणजे तुम्ही नाकारलेलं सगळंच कचऱ्यात जात नाही, तेव्हा नाकारताना कचरू नका.

हेल्मेट आणि गाडीतली लहान मुलांची सीट अनेक ठिकाणी घेतच नाहीत. अपघातात आतला फोम दबला असेल तर वरून कळत नाही. विजेची वस्तू वायर तपासून, चालवून बघितल्याशिवाय विक्रीला ठेवू नये. देणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, पण न खपणारी वस्तू टाकायचा खर्च संस्थेच्याच माथी येतो, हे नीट समजावलं की बहुतेकांना पटतं.

दिवसभर उभं राहणं, ओझी उचलणं आणि धूळ हे गृहीत धरा. दमा असेल तर छाटणी मागू नका.

पगाराचं गणित जागोजागी वेगळं. ब्रिटनमध्ये अशा दुकानांचा बराच भार स्वयंसेवक उचलतात. अशी दुकानं चालवणारी अमेरिकेतली गुडविल ही संस्था 1902 साली बोस्टनमध्ये सुरू झाली. तिचा मुख्य हेतू गरजूंना काम आणि प्रशिक्षण देणं हा आहे, पण तिच्या स्थानिक संस्था स्वतंत्र असल्याने एकीचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही. म्हणून मुलाखतीतच विचारा: तासाला किती नग छाटायचे? हातमोजे, मास्क कोण देतं? आणि कर्मचाऱ्यांच्या खरेदीचा नियम काय? बऱ्याच ठिकाणी वस्तू आधी ग्राहकांसमोर ठेवावीच लागते, आपल्यासाठी ती बाजूला दडवली तर नोकरी जाऊ शकते.