डॉक्टर, ह्ये खरं हाय का?

प्रश्न : माझे मालक यंत्रमागावर कामाला आहेत. 'शुगर मुळापासून घालवणारी' पावडर रीलमध्ये बघून त्यांनी महिनाभर गोळ्या सोडल्यात. सांगणारा पांढऱ्या कोटात असतो, म्हणून त्यांना पटलं. – एक भगिनी, अशोक चौक

उत्तर : ताई, रीलचं नंतर बघू. उद्या सकाळी उपाशीपोटी त्यांची साखर तपासा आणि रिपोर्ट घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. फार तहान, उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर उद्याचीही वाट बघू नका, आत्ताच सिव्हिल गाठा.

आता पावडर. मधुमेह, मुतखडा, कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे 'मुळापासून' म्हणणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतोय! आणि पांढरा कोट म्हणजे शेवटी कापडच. सोलापूरकरांना कापडाचं काय अप्रूप? त्याचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. ॲलोपॅथीचा डॉक्टर असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. तिथे सापडला, तरी तुमच्या मालकांचा रिपोर्ट त्याने पाहिलेला नाही, हे उरतंच.

प्रश्न : आमच्या घरच्या ग्रुपवर मेव्हण्यांनी टाकलंय, एकटं असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा. खरं का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. हे फॉरवर्ड व्हॉट्सॲपच्याही आधीचं, ईमेलच्या जमान्यातलं. दवाखान्यात मॉनिटर लावलेल्या पेशंटचे ठोके अचानक बिघडले तर डॉक्टर कधीकधी खोकायला लावतात. त्या गोष्टीला घरी पाय फुटले. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली तर १०८ फिरवा, शेजाऱ्याला हाक मारा. स्वतः गाडी चालवू नका.

मेसेजवर दोन बाण दिसले, की तो बऱ्याच हातांतून आलाय. खोटाच असेल असं नाही, पण मूळ लिहिणारा सापडणं कठीण. मेव्हण्यांना मात्र ग्रुपवर खोडू नका, फोन करा. पाहुण्यांचा मान!

प्रश्न : निळी टिक असलेल्या डॉक्टरवर विश्वास ठेवावा?

उत्तर : इन्स्टाग्राम-फेसबुकवर २०२३ पासून ती पैसे भरूनही मिळते. खातं त्याचंच आहे, एवढंच ती सांगते.

प्रश्न : मग मोबाइलवर काही बघूच नये का?

उत्तर : बघा की! शंका लिहून आणा, व्हिडिओही दाखवा, मी रागावत नाही. फक्त तीन मिनिटांच्या वरचा नको. बाहेर रांग असते.