द्राक्षावरच्या डावणी रोगाचे (डाउनी मिल्ड्यू) ८०० पेपर स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून काढलेत. कीवर्डचा नकाशा कसा बनवू? (एम.एस्सी., नाशिक)

व्हॉसव्ह्यूअर हे असे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर वापरा, लायडन विद्यापीठाचं आहे, फुकट आहे आणि ८०० नोंदी सहज पेलतं. स्कोपसमधून सीएसव्ही फाइल घेताना कीवर्डच्या चौकटींवर खुणा करायला विसरू नका, आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, रकाने बिघडू शकतात. मग व्हॉसव्ह्यूअरमध्ये क्रमाने क्रिएट, बिब्लिओग्राफिक डेटा, को-ऑकरन्स, ऑथर कीवर्ड्स निवडा. कीवर्ड किमान किती वेळा आलेला हवा, तिथे आपोआप ५ येतं, तिथूनच सुरुवात करा.

खरी मेहनत पुढे आहे. ‘डाउनी मिल्ड्यू’, ‘ग्रेपव्हाइन डाउनी मिल्ड्यू’ आणि ‘प्लाझ्मोपारा व्हिटिकोला’ (डावणीचा रोगकारक) ही नकाशावर तीन वेगळी वर्तुळं दिसतात, म्हणजे एकच डावणी तीन ठिकाणी फुटते. त्यासाठी थिसॉरस फाइल (एका अर्थाचे शब्द जोडणारी यादी) करा: साधी टेक्स्ट, टॅबने वेगळे दोन रकाने, ‘लेबल’ म्हणजे मूळ शब्द आणि ‘रिप्लेस बाय’ म्हणजे त्याजागी हवा तो शब्द (शीर्षकं रोमन लिपीतच हवीत). रोग आणि रोगकारक एकत्र करायचे की नाही, ते मात्र गाइडला विचारून ठरवा. भुरी (पावडरी मिल्ड्यू) यात चुकूनही मिसळू नका, तो रोगच वेगळा.

मोठं वर्तुळ म्हणजे तो शब्द जास्त पेपरांत आला, एवढंच. ते संशोधन चांगलं की वाईट हे नकाशावरून कळत नाही.