हवामान बदलावर खरंच काही नवे उपाय निघालेत का? मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्यांचा काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की हवामान बदलावर कोणी खरोखर काही नवं शोधतंय, की सगळं परिषदांपुरतंच आहे. आणि लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात शेती करणाऱ्या तुमच्या मामांना त्यातलं काही कामाला येईल का. मी परभणी जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा घेतो आणि आमच्या शेतकरी गटाची अवजार बँक, म्हणजे भाड्याने यंत्रं देणारं केंद्र, सांभाळतो. म्हणून उत्तर शेताच्या बाजूने देतो. शोधणारे आहेत, आणि त्यातले बरेच आपल्या आसपासच आहेत.

आपल्याकडे नेमकं काय बिघडलंय ते आधी बोलू. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाण्याच्या टाक्यांचे १० डबे होते, ५ लाख लिटर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी अशा सगळ्याच नद्या पात्राबाहेर आल्या, धाराशिव-बीडकडे उभं पीक तर गेलंच, पण वरची माती खरडून खाली मुरूम उघडा पडला. दोन्ही गोष्टी त्याच जिल्ह्यांत, दहा वर्षांच्या आत. वर्षाच्या पावसाची बेरीज बघून यातलं काहीच कळत नाही. पेरणीपुरता पडतो, जुलै-ऑगस्टात दोन-तीन आठवड्यांचा खंड देतो आणि सोयाबीन काढणीला आलं की महिन्याचा पाऊस दोन रात्रीत ओततो. त्यामुळे कोणताही उपाय समोर आला की मी एकच बघतो: हा खंडातही चालतो का आणि अतिवृष्टीतही चालतो का? एकाच बाजूला चालणारा उपाय मराठवाड्यात अर्धाच.

या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरलेलं माझ्या पाहण्यातलं तंत्र म्हणजे बीबीएफ, रुंद वरंबा सरी. कल्पना जुनी आहे. हैदराबादजवळच्या पटानचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात खास काळ्या जमिनीसाठी ती मांडली. तेव्हा त्यासाठी बैलांनी ओढायचं चाकाचं अवजार होतं, ते महाग पडायचं म्हणून शेतकऱ्यांनी घेतलं नाही. पुढे ट्रॅक्टरवरचं पेरणी यंत्र आलं, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कोरडवाहू संशोधनवाल्यांनी आणि कृषी विभागाने ते लावून धरलं, आणि आता ते गावोगाव दिसतं.

यंत्र साधं आहे. मधे पेरणीचे चार फण, दोन्ही कडांना सरी पाडणारे फाळ. एका फेरीत चार ओळींचा वरंबा तयार होतो, बी आणि खत पडतं आणि बाजूला सरी निघते. सरी उताराला आडवी हवी, पण पाणी बाहेर निघेल इतका हलका ढाळ तिला ठेवावा लागतो. खंड पडला की सरीत जिरलेली ओल वरंब्यावरच्या मुळांना काही दिवस पुरते. धो-धो पाऊस झाला की जास्तीचं पाणी सरीने निघून जातं, मुळं पाण्यात राहत नाहीत, पीक पिवळं पडत नाही. ओळी कमी बसतात म्हणून बियाणंही कमी लागतं, आणि फवारणीला सरीतून चालत जाता येतं.

आमच्या शेजारच्या तात्यांनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा बांधावर उभं राहून विचारलं, "आरं लेका, एवढं रान रिकामं कशाला सोडायलास?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो आणि तो रास्त आहे. दीड-दोन एकरवाल्याला सरीची जागा डोळ्यात खुपणारच. उत्तर शेतातच मिळतं: वरंब्याच्या कडेच्या ओळींना हवा आणि ऊन जास्त मिळतं, त्या फांद्यांनी जागा भरून काढतात आणि ऑगस्टात सरी झाकून जाते. खरी अडचण दुसरीच आहे. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नीट आला नसेल तर फाळाला चिकन माती धरते आणि सरी मागच्या मागे बुजत जाते. ट्रॅक्टरवाला घाईत असेल तर उतार न बघता धुऱ्याला धरून सरळ रेषा मारतो. म्हणून मी म्हणेन की या तंत्राचे खरे जाणकार आता विद्यापीठाइतकेच गावातले दोन-चार नीट पेरणारे ट्रॅक्टर ड्रायव्हरही आहेत. त्यांना कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, पण सरी किती खोल पाडायची ते माती हातात घेऊन तेच ठरवतात.

याच्या एक पाऊल पुढे एसआरटी आहे, सगुणा रिजनरेटिव्ह तंत्र. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी ते कोकणात भातासाठी विकसित केलं, नंतर ते कापूस, मका, सोयाबीनपर्यंत आपल्याकडेही आलं. वाफे एकदाच पाडायचे आणि पुढे नांगरट बंद. पीक जमिनीलगत कापायचं, मुळं आत तशीच ठेवायची. ती कुजली की जमिनीत पोकळ नळ्या राहतात, गांडुळं वाढतात, पाणी आत शिरतं. नांगरट थांबल्याने मातीतला कर्ब, म्हणजे कार्बन, हवेत जायचा थांबतो आणि डिझेलही वाचतं. माझी एक तक्रार मात्र आहे: तणाचा बंदोबस्त बराचसा तणनाशकावर चालतो. हा भाग सुटल्याशिवाय मी याला पूर्ण गुण देणार नाही. तरी सप्टेंबरच्या पुरानंतर मुळांनी धरून ठेवलेली माती आणि नुकतीच नांगरलेली माती यांतला फरक ज्याने पाहिला, तो नांगराला हात लावताना विचार करतो.

आता लोकांबद्दल. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो धाराशिव-लातूरकडच्या बायकांचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने तिथे बायकांचे गट बांधले. पुढे दुष्काळ पाठीला लागला तेव्हा याच कामातून 'एक एकर' शेतीची पद्धत उभी राहिली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पीक न लावता भाजीपाला, मूग, उडीद, तूर, ज्वारी, बाजरी असं मिसळून घ्यायचं. बी शक्यतो घरचं, खत गांडुळाचं आणि शेणाचं, पाणी अगदी मोजकं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या शेतकरी बायका यातूनच पुढे आल्या आणि इतर गावांना शिकवू लागल्या.

याला नवं संशोधन म्हणायचं का, असं कोणी विचारेल. मी ठाम हो म्हणेन. सोयाबीन एकटं उभं असतं, गेलं की सगळं जातं. मिसळीच्या रानात खंडात मूग मार खातो तर ज्वारी तग धरते, पावसाने भाजी सडते तर तूर उरते. घरात खायला काहीतरी राहतंच. आणि यातला सगळ्यात अवघड भाग शेतात नसून घरात आहे: सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने नवऱ्याकडे आणि सासऱ्याकडे एक एकर मागणं. ते मागायचं बळ गटामुळे आलं. कोणत्याही यंत्राइतकाच हा शोध मोठा आहे.

जालना जिल्ह्यातलं कडवंची एकदा मामांना घेऊन बघून या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९९० च्या दशकात तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती आणि नाल्यांवरची कामं, मग पाणी, मग शेततळी, मग द्राक्षं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आज खूप ठिकाणी क्रम उलटा झालाय: पाणलोटाचं काही नाही, नुसतं प्लास्टिकचं शेततळं खणायचं आणि ते बोअरच्या पाण्याने भरायचं. आपल्या खाली बेसाल्टचा कठीण खडक आहे, त्यात पाणी साठायला जागाच थोडी. जमिनीखालचं पाणी उपसून उन्हात वाफ व्हायला ठेवणं म्हणजे गावाची कोठी फोडून आपल्या अंगणात धान्य वाळत घालणं. वाहून जाणाऱ्या पावसाने भरत असेल तरच शेततळ्याला माझा पाठिंबा.

कृत्रिम पावसाबद्दल फार लिहीत नाही. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून त्यासाठी विमानं उडाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला शास्त्रशुद्ध प्रयोग केला, त्यात योग्य ढगांवर बीजरोपण, म्हणजे क्षारांच्या बारीक कणांची फवारणी, केल्यास पाऊस साधारण १८ टक्के वाढतो असं दिसलं. काम प्रामाणिक आहे. पण त्याला आधी योग्य ढग लागतात, आणि खंडात नेमके तेच नसतात.

तुम्ही हवेतून कार्बन काढण्याच्या तंत्रांचंही विचारलंय, आणि गंमत अशी की तो विषय थेट आपल्या पायाखालच्या दगडाशी येऊन पोचतो. आइसलंडमध्ये कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. त्यातला ९५ टक्के वायू दोन वर्षांच्या आत दगडात बांधला गेल्याचं त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसरी वाट भारतातली आहे. माती कार्बन ही संस्था बेसाल्टची बारीक भुकटी छत्तीसगड, मध्य प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या रानात पसरते. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडशी तिची क्रिया होते, त्याचं बायकार्बोनेट होऊन ते नदीवाटे समुद्रात जातं आणि हजारो वर्षं तिथेच राहतं. वर शेताला कॅल्शियम, मॅग्नेशियम मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये या संस्थेला कार्बन हटवण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

लगेच खडी केंद्रावरून डस्टची ट्रॉली मागवू नका. ही क्रिया आम्ल जमिनीत जोरात चालते. आपली काळी माती मुळात बेसाल्टचीच झीज आहे, तिचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास आणि चुनखडी भरपूर. इथे फायदा कमीच मिळणार. छत्तीसगडच्या भातखाचरासाठी जे उत्तम, ते औशाच्या सोयाबीनला लागू पडेलच असं नाही.

मामांसाठी मी काय निवडेन ते सांगतो. या खरिपात निम्मं सोयाबीन बीबीएफवर, प्रत्येक पट्ट्यात तुरीच्या ओळी. सगळं रान एकदम बदलू नका, शेजारी शेजारी दोन्ही पद्धती उभ्या राहू द्या, म्हणजे घरातल्या जुन्या माणसांनाही बघता येईल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको, मग शेजाऱ्याची चाड्यावर मूठ पडली तरी. पाऊस मोजायला महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पाचं केंद्र प्रत्येक महसूल मंडळात आहे, त्याचे आकडे बघायची सवय लावा. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप फोनमध्ये असू द्या, दर वर्षी आपल्याकडे माणसं आणि जनावरं विजेने जातात. मामींना पटत असेल तर घराजवळचा अर्धा एकर मिसळ पिकाला द्या, आणि त्यात परभणी शक्ती ही ज्वारी लावून बघा. परभणी विद्यापीठ आणि इक्रिसॅटने काढलेलं हे वाण २०१८ मध्ये आलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे, शिवाय कडबा मिळतोच. ओढ्याकाठचा बांध खचत असेल तर तिथे बांबू लावा. मामांच्याच तालुक्यातल्या लोदग्याला शेतकरी नेते पाशा पटेल यांनी बांबूचं मोठं काम उभं केलंय, रोपं आणि माहिती तिथे मिळेल. फक्त पैसे यायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून बांबू बांधावरच, मधल्या रानात नको.

जमीन माळाची आणि पाणी अगदीच थोडं असेल तर रेशीम किड्यांचं खाद्य असलेल्या तुतीचा विचार करा. एकदा लावली की अनेक वर्षं राहते, पाण्याचा ताण सहन करते, आणि २०१८ पासून जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ असल्याने माल घेऊन कर्नाटकात जावं लागत नाही. घरात रोज राबणारी दोन माणसं मात्र हवीत.

बीबीएफ यंत्र जवळच्या अवजार बँकेत किंवा शेतकरी कंपनीत मे महिन्यातच सांगून ठेवा, आणि यंत्रापेक्षा ड्रायव्हर कोण येणार ते आधी विचारा. वापसा आला की सगळ्या गावाला ते एकाच दिवशी हवं असतं आणि माझा फोन तेव्हा पहाटे चारपासून वाजत असतो.