‘इथे आधी कोण राहायचं?’

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीहून जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीत आलो. आमचं घर नवं, शाळा नवी, शेजारची झाडी तोडून तिथेही आता घरं उठतायत. मुलगा चौथीत आहे. परवा त्याने विचारलं, “आई, आपल्या आधी इथे कोण राहायचं?” मी म्हटलं, “कोणी नाही, जंगल होतं.” तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे. त्याला खरं काय सांगू?
– एक आई, कमिंग

उत्तर : टोचणी लागली हे बरं झालं, कारण “जंगल होतं” हे खरं नाही. मी या काउंटीत १८ वर्षं राहते आहे आणि पहिली काही वर्षं मीही हेच धरून चालले होते. घराची खरेदी झाली त्या दिवशी वकिलांच्या टेबलावर सह्या करताना कागदात ‘लँड लॉट’ अमुक, ‘डिस्ट्रिक्ट’ अमुक, ‘सेक्शन’ अमुक असं दिसलं. मी विचारलं, हे काय? “कायद्याची भाषा आहे, इथे सही करा,” असं उत्तर मिळालं. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसं काहीतरी असेल, असं समजून मी सही केली.

तो नंबर १८३२ सालचा आहे. तुमच्याही खरेदीखतात असेल, आज रात्री कपाटातून काढून बघा.

झालं असं. हा सगळा मुलूख चेरोकी लोकांचा, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजाचा होता. १८२९ च्या सुमारास वरच्या अंगाला, डलॉनेगाच्या डोंगरात सोनं सापडलं आणि गोऱ्यांची झुंबड उडाली. जॉर्जिया राज्याने चेरोकींना न विचारता त्यांच्या जमिनीची मोजणी करून तुकडे पाडले. सोन्याच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या भागात, ४० एकरांचा एकेक चौकोन, प्रत्येक बाजू पाव मैल. मग तेव्हाची राजधानी मिलेजव्हिल इथे सोडत काढली. एका पिंपातून नावाची चिठ्ठी काढायची, दुसऱ्यातून जमिनीची. ज्याचं नाव निघालं त्याला ४० एकर. त्या चौकोनात कोणाचं घर उभं आहे, कोणाचा मका पिकतोय, हे चिठ्ठीवर नव्हतं. १८३२ च्या डिसेंबरात फोर्साइथ काउंटी झाली आणि तिला जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जॉन फोर्साइथ यांचं नाव दिलं. १८३४ मध्ये कमिंग गाव कागदोपत्री आलं.

म्हणून मुलाला सांगताना ‘आदिवासी रानात राहायचे’ असंही सांगू नका. या लोकांकडे लाकडी घरं, फळबागा, गुरं, नदीवरच्या नावा, पिठाच्या चक्क्या होत्या. दक्षिणेतल्या श्रीमंत गोऱ्यांसारखेच काही सधन चेरोकी गुलामही बाळगत, हेही झाकायचं कारण नाही. आणि त्यांच्याकडे लिपी होती. सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास ती एकट्याने तयार केली. तुम्हाला ती लगेच कळेल: आपल्या का-की-कू सारखं प्रत्येक उच्चाराला एक चिन्ह, अशी ८५ चिन्हं. १८२८ मध्ये त्यांच्या राजधानीत, न्यू इकोटात, ‘चेरोकी फीनिक्स’ हे वर्तमानपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. बाळशास्त्री जांभेकरांचं मराठी-इंग्रजी ‘दर्पण’ मुंबईत निघालं १८३२ मध्ये. हा चार वर्षांचा फरक पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. स्वतःच्या भाषेत छापणाऱ्या लोकांना मी मनातल्या मनात जंगल करून टाकलं होतं.

ते कोर्टातही गेले. १८३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. तरी सोडत चालूच राहिली. १८३५ च्या डिसेंबरात मूठभर चेरोकींनी जमीन सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यांचे प्रमुख जॉन रॉस आणि हजारो लोक त्याच्या विरोधात होते. १८३८ मध्ये सैनिकांनी घराघरांतून माणसं बाहेर काढली, छावण्यांत डांबली आणि आजच्या ओक्लाहोमाकडे नेली. हजारो माणसं दगावली. वयाच्या मानाने हे मुलाला जड जाईल असं वाटतं का? मला नाही वाटत. घरातून काढलं म्हणजे काय, हे चौथीतल्या मुलाला नीट कळतं.

पुढचं एक प्रकरण तो मोठा झाल्यावर सांगा, पण सांगाच. १९१२ मध्ये याच काउंटीतून सुमारे ११०० कृष्णवर्णीयांना, जवळजवळ सगळ्यांना, दहशत घालून हाकललं. १९८७ च्या जानेवारीत याविरुद्ध कमिंगमध्ये सुमारे २० हजार लोकांचा मोर्चा आला, तोवर इथे जवळपास सगळे गोरेच होते. २०२० च्या जनगणनेत काउंटीत २,५१,२८३ माणसं मोजली गेली, दहा वर्षांपूर्वी १,७५,५११ होती. या वाढीत तुम्ही आहात, मी आहे. आपल्याला इथे सुखाने घर घेता आलं, पण पूर्वी ते कोणाला घेता येत नव्हतं हे आपल्याला माहीत असायला हवं.

आता मुलाला घेऊन बाहेर पडा. आधी पूल्स मिलला जा. तिथे सेटिंगडाउन ओढ्यावर जॉर्ज वेल्च या चेरोकी माणसाने १८२० च्या सुमारास चक्की बांधली होती. चक्की १९५९ मध्ये जळाली. शेजारी १९०१ चा छपराचा लाकडी पूल आहे. आत शिरून तुळयांवर बोट फिरवायला सांगा, काही भोकं मोकळीच सापडतील. पहिल्या कारागिराने खुंट्यांची भोकं चुकीच्या जागी पाडली, मग दुसऱ्याने काम पुरं केलं, आणि ती भोकं तशीच राहिली. माझ्या मुलीला त्या दिवशीचं दुसरं काही आठवत नाही, भोकं आठवतात. सॉनी डोंगरही चढा, त्याचं नाव एका चेरोकी माणसाचं आहे. हायटॉवर रस्त्यावरून जाताना सांगा की इथे कुठला उंच मनोरा नव्हता, तो ‘एटोवा’ या इथल्या जुन्या स्थळनावाचा बिघडलेला उच्चार आहे.

आणि एका शनिवारी न्यू इकोटा. तास-सव्वा तासाची गाडी आहे, वेळा आधी बघून निघा. तिथे छापखाना पुन्हा उभारलाय. जवळच एक जुनी लाकडी खानावळ दिसेल, व्हॅन्स टॅव्हर्न. जेम्स व्हॅन या चेरोकी व्यापाऱ्याची, १८०५ च्या सुमाराची. ती मूळची तिथली नाही, आपल्या फोर्साइथची आहे, चॅटाहूची नदी नावेने ओलांडायच्या जागेवरची. १९५० च्या दशकात धरण बांधून लेक लॅनियर भरायला घेतला तेव्हा ती उचलून तिकडे नेली. तुम्ही उन्हाळ्यात पोहायला जाता ना, त्याच पाण्याकाठचं हे घर. मुलाला तिच्या पायऱ्यांवर बसवा आणि त्याचा प्रश्न त्यालाच पुन्हा विचारा.